ओल्या लाकडाचा धूर

ॲक्शन फिगर नव्याने घडवण्या-रंगवण्याचा छंद असलेल्या कोणाशीही दहा मिनिटे बोला, एक सल्ला हमखास मिळतो: रबरी भागाच्या वाटेला जाऊ नका, त्यावर रंग टिकत नाही. हा सल्ला नवशिक्याला पहिल्याच दिवशी दिला जातो आणि तो पुढच्याला तसाच देतो. परिणाम डोळ्यांना दिसतो. डोके बदललेले, चिलखत नव्याने कोरलेले, चेहऱ्यावर आठ-दहा छटांचे काम केलेले, आणि पाठीवरची केप मात्र कारखान्यातून आली तशीच. केस, कमरपट्टा, शेपूट, ऑक्टोपसचे हात, मऊ मुठी, जिथे जिथे बोटाने दाबले की दबते तिथे रंगवणाऱ्याचा हात थांबलेला. अर्धी मूर्ती त्याची, अर्धी कंपनीची. ज्यांना ही कला मनापासून आवडते त्यांनी हे निमूट सोसत राहावे असे मला वाटत नाही, कारण ज्या समजुतीमुळे हे घडते ती चुकीची आहे.

आधी पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे. त्याला दुबळा करून पाडण्यात अर्थ नाही. तो असा: रंग वाळला की त्याचा एक ताठ पापुद्रा होतो. लवचिक वस्तू वाकते, ताणली जाते. खालचे हलते आणि वरचे हलत नाही, तेव्हा वरच्याला तडे जातात, मग टवके उडतात. म्हणून मुळात लवचिक भाग रंगवूच नयेत. रंगवायचेच असतील तर आधी प्रायमरचा भक्कम हात द्यावा, वर कडक वॉर्निश मारून सगळे बंद करून टाकावे, आणि त्यानंतर तो भाग कधी वाकवू नये. हे बोलणारे लोक खोटे बोलत नाहीत. बहुतेकांनी आपल्या हाताने रंगवलेली केप आठवड्याभरात सोलून निघताना पाहिलेली असते. निरीक्षण खरे आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा आहे.

न्यायशास्त्रात या चुकीचे उदाहरण ठरलेले आहे. जिथे धूर तिथे अग्नी, हे अनुमान टिकते. ते उलटे फिरवून जिथे अग्नी तिथे धूर असे म्हटले की कोसळते. लोहाराच्या भट्टीतून काढलेला लालबुंद गोळा, नैयायिकांचा अयोगोलक, त्यात अग्नी आहे आणि धूर मुळीच नाही. मग चुलीतून धूर येतो तो कशाने? लाकूड ओले असते म्हणून. या आर्द्रेंधनसंयोगाला ते उपाधी म्हणतात: हेतूच्या आड बसलेली खरी अट, जी असली तरच साध्य घडते. आपल्या प्रकरणात हेतू म्हणून लवचिकपणा पुढे केला जातो आणि साध्य आहे रंगाचे तडकणे. वाकते आणि तरीही रंग धरून ठेवते अशी एकच वस्तू दाखवली तर अनुमान व्यभिचारी ठरते, आणि मग ओले लाकूड कोणते ते शोधावे लागते.

अशी वस्तू शोधायला दूर जायला नको. चौकात लागलेला फ्लेक्स घ्या. पॉलिएस्टरच्या जाळीवर मऊ पीव्हीसीचा थर, त्यावर सॉल्व्हंट शाईची छपाई. तो गुंडाळी होऊन टेम्पोतून येतो, वाऱ्यात फडफडत राहतो, उतरल्यावर कांद्याच्या ढिगावरचे किंवा झोपडीवरचे झाकण होतो, आणि त्यावरचा चेहरा तरीही ओळखू येतो. उन्हाने तो विटतो, पक्क्या घडीवर रेष उमटते, पण शाईचे पोपडे सुटून गेलेत असे सहसा दिसत नाही. पीव्हीसीला झोंबणाऱ्या द्रावकातून ती शाई पृष्ठभागात थोडी शिरलेली असते, त्यावर नुसती बसलेली नसते.

खेळण्यांच्या दुनियेतला अयोगोलक मात्र जपानचा आहे. तिथे मऊ व्हिनाइलच्या पोकळ खेळण्यांना सोफुबी म्हणतात. 'सॉफ्ट व्हिनाइल'चेच ते जपानी तोंडात बसलेले लघुरूप. १९६६ साली मारुसान कंपनीने गॉडझिला आणि त्याच्या भाऊबंद राक्षसांच्या अशा बाहुल्या बाजारात आणल्या. करण्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. मेणाच्या मूळ प्रतीवर विजेच्या साहाय्याने धातू चढवून साचा करतात, त्यात पीव्हीसीची भुकटी आणि तिला मऊ करणारा प्लॅस्टिसायझर यांचा दाट द्रव ओततात, साचा तापलेल्या तेलात धरतात, कडेला थर धरला की उरलेला द्रव परत ओतून घेतात, आणि आतला भाग गरम व मऊ असतानाच पक्कडीने धरून बाहेर खेचतात. साच्याच्या अरुंद तोंडातून अख्खा राक्षस चेपून निघतो आणि बाहेर आल्यावर आपला आकार पुन्हा घेतो. असा भाग पुढे आयुष्यभर बोटाखाली दबतो. त्यावर फवाऱ्याने थरावर थर रंग देतात, आणि तो रंग राहतो. साठच्या दशकातल्या बाहुल्या आज संग्राहकांकडे आहेत. त्यांचा रंग नाकाच्या शेंड्यावर, कोपरावर, पाठीच्या काट्यांवर झिजला आहे, म्हणजे जिथे मुलांचे हात लागले तिथे. मधल्या मऊ पोटावर तो शाबूत असतो. रंग लवचिकपणामुळे जात असता तर आधी पोट उघडे पडले असते.

तिसरा साक्षीदार सिनेमाचा. नटाच्या चेहऱ्यावर फोम लॅटेक्सचे तुकडे चिकटवून म्हातारा किंवा राक्षस करतात तेव्हा त्या तुकड्यावरचा रंग नट हसला, ओरडला, जेवला तरी फुटून चालत नाही. रंगभूषाकार डिक स्मिथ, ज्यांना 'अमेडियस'साठी ऑस्कर मिळाले, त्यांच्या नावाशी जोडली गेलेली युक्ती साधी आहे: चेहऱ्याला तुकडे चिकटवायचा पाण्यातला ॲक्रिलिक गोंद आणि चित्रकाराचा ॲक्रिलिक रंग एकत्र करायचे. गोंद वाळूनही मऊ राहतो, म्हणून रंगही मऊ राहतो. वर पावडर मारून चिकटपणा घालवायचा. माणसाच्या गालाइतके सतत आणि इतके वेडेवाकडे वाकणारे खेळण्यात काही नसते.

तीन ठिकाणी अग्नी आहे आणि धूर नाही. आता ओले लाकूड.

पहिली गफलत 'रबर' या शब्दातच आहे. पावणेचार इंची जी. आय. जो घ्या, १९८२ साली सुरू झालेल्या मालिकेतला. त्याच्यात खरे रबर असते ते कमरेच्या आत, धड आणि पाय एकत्र धरणाऱ्या काळ्या कडीत, आणि ती कोणाला दिसतही नाही. बाहेरून मऊ लागते ते बहुतेक वेळा प्लॅस्टिसायझर घातलेले पीव्हीसी असते. हे मऊ पीव्हीसी १९२६ साली वाल्डो सेमन यांच्या हातून घडले, तेही बी. एफ. गुडरिच या रबराच्या कंपनीत, रबर धातूला कसे चिकटवावे याच्या शोधात. पण मऊ ते सगळे पीव्हीसीही नसते. एअरफिक्सने १९५९ पासून काढलेले छोटे सैनिक पॉलिथिनचे होते. आतून धातूचा सांगाडा आणि बाहेरून अखंड कातडी असलेली मोठी शरीरे सिलिकोनची किंवा थर्मोप्लास्टिक इलास्टोमरची असतात. जुने मुखवटे लॅटेक्सचे. दाबून पाहिले तर हे सगळे सारखेच लागते. रंगाला मात्र त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक दिसतो.

द्रव एखाद्या पृष्ठभागावर पसरायचा की थेंब करून उभा राहायचा हे पृष्ठभागाच्या ऊर्जेवर ठरते. पीव्हीसीची ती साधारण ३९ मिलिन्यूटन प्रति मीटर, पॉलिथिनची ३१ च्या आसपास, सिलिकोनची २० ते २४. सिलिकोनवर पाण्यातला रंग म्हणजे अक्षरशः अळवावरचे पाणी. पॉलिथिन त्याहून बरे, तरीही हट्टी; त्यावर नीट पसरलेला रंगसुद्धा पकड घेत नाही. मऊ पीव्हीसी या कुटुंबातले सर्वांत समजूतदार. 'रबरावर रंग टिकत नाही' हे वाक्य माझ्या मते पॉलिथिनच्या सैनिकांपासून चालत आले आहे. तीन पिढ्यांनी त्या सैनिकांच्या बंदुकांवरून रंग उडताना पाहिला आणि तो दोष सगळ्या मऊ वस्तूंवर टाकला. यालाच अतिव्याप्ती म्हणतात.

ओळखायची एक घरगुती रीत आहे. पेल्यात पाणी घ्या, भांड्याच्या साबणाचा थेंब टाका म्हणजे हवेचे बुडबुडे भागाला चिकटत नाहीत, आणि भाग आत दाबून सोडा. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन वर येतात, मऊ पीव्हीसी तळाशी बसते. सिलिकोनही बुडते, पण नख ओढले की त्याचा स्पर्श वेगळा कळतो, आणि पाण्यातला रंग त्यावर गोळा होतो. इलास्टोमर कधी तरंगतो, कधी बुडतो. तिथे आतल्या बाजूला लहानसा ठिपका रंगवून दोन दिवस थांबावे.

दुसरी गफलत म्हणजे चार वेगळे रोग एकाच नावाखाली घालणे. रंग तडकणे, रंग पापुद्र्याने सोलून येणे, रंग घासून जाणे आणि रंग चिकट राहणे या चार गोष्टींची कारणे वेगळी आहेत, आणि चौघांना 'टिकत नाही' एवढेच म्हटले की वैद्य हात टेकतो. सोलून येणे हे पकडीचे अपयश. त्यामागे बहुधा साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेल्या तेलाचा अंश किंवा हाताचा घाम असतो, आणि भांड्याच्या साबणाने जुन्या टूथब्रशने धुतले की निम्मी तक्रार संपते. घासून जाणे सांध्यावर होते. त्याचा लवचिकपणाशी संबंध नाही, ताठ एबीएस प्लॅस्टिकच्या गुडघ्यावरही ते होतेच. वाकण्याशी खरोखर नाते आहे ते एकट्या तडकण्याचे.

मग तडकण्याचा हिशेब मांडून पाहू. एक मिलिमीटर जाडीची केप सात मिलिमीटर व्यासाच्या पेन्सिलीभोवती वळवली तर बाहेरचा पृष्ठभाग सुमारे साडेबारा टक्के ताणला जातो. अंगठ्याएवढ्या, सोळा मिलिमीटरच्या दांड्याभोवती वळवली तर सहा टक्क्यांच्या आत. कपाटात उभ्या फिगरची केप यापेक्षा खूपच कमी वळते. आता रंगाची बाजू. ताठ ॲक्रिलिक रेझिनची फिल्म दोन ते पाच टक्क्यांच्या ताणावर तुटते. मऊ ॲक्रिलिक इमल्शनची फिल्म दुप्पट लांब होऊनही अखंड राहू शकते. रंगाच्या दोन बाटल्यांवर 'ॲक्रिलिक' हा एकच शब्द असतो आणि आत हे दोन निराळे पदार्थ असतात. केप दोन्हीकडे तेवढीच वाकते. एक रंग फुटतो, दुसरा फुटत नाही. लवचिकपणा दोन्हीकडे समान असताना निकाल वेगळा लागतो, तेव्हा तो निकालाचे कारण असू शकत नाही.

याला जाडीचा भाग जोडायला हवा, कारण तो बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. फिल्ममध्ये तडा पुढे सरकायला ऊर्जा लागते, आणि ती ऊर्जा ताणलेल्या फिल्ममध्येच साठलेली असते. फिल्म जितकी जाड तितका साठा अधिक. एकाच रंगाचा थर चौथ्या हिश्शाइतकाच जाड ठेवला तर तडा जायला दुप्पट ताण लागतो. म्हणून एअरब्रशने धुक्यासारखे दिलेले तीन हात जिथे राहतात तिथे कुंचल्याने दिलेला एक जाड हात फुटतो, आणि माणूस रंगाला दोष देतो. रंगाच्या कारखान्यांना हे सगळे नवे नाही. आयएसओ १५१९ ही प्रमाण चाचणी म्हणजे रंगवलेला पत्रा ठरलेल्या व्यासाच्या दांड्याभोवती वळवून रंग फुटतो का ते पाहणे. जो रंग त्या दांड्यावर पास होतो तो केपवर नापास का होईल?

अजून एक खाचखळगा: अगदी मॅट रंग. मॅट करायला त्यात बारीक सिलिका घालतात, शिवाय रंगद्रव्याचे प्रमाण जास्त असते, आणि कणांना धरून ठेवणारे रेझिन तेवढ्या प्रमाणात कमी पडते. वाळूत सिमेंट कमी पडावे तसे. केपला मॅट काळा हवा असतो, म्हणून सर्वांत ठिसूळ रंग सर्वांत जास्त वाकणाऱ्या भागावर जातो.

आता चौथा रोग, चिकटपणाचा, आणि इथेच प्रचलित उपायाचे खंडन करणे मला सर्वांत निकडीचे वाटते. मऊ पीव्हीसीत वजनाने तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक प्लॅस्टिसायझर असू शकतो. तो साखळ्यांना बांधलेला नसतो, त्यांच्यामध्ये वस्तीला असतो, आणि शेजारी सोयीची जागा दिसली की तिकडे सरकतो. आपण हे शाळेपासून पाहिले आहे. कंपासपेटीत खोडरबर प्लॅस्टिकच्या पट्टीला टेकून राहिले की पट्टी तिथे वितळल्यासारखी होते. प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवलेल्या झेरॉक्सची अक्षरे वर्षभराने फोल्डरला चिकटून येतात. तोच प्लॅस्टिसायझर केपमधून निघून स्प्रे प्रायमरमध्ये शिरतो. स्प्रेमधला द्रावक पृष्ठभाग उघडतो, प्रायमरचे रेझिन त्या तेलकट पाहुण्याला सामावून घेते, आणि मग ते कधीच नीट सुकत नाही.

मला हे पुस्तकातून कळले नाही. काही वर्षांपूर्वी एका फिगरच्या केपवर मी सगळ्यांच्या सांगण्याप्रमाणे डब्यातला प्रायमर मारला. ठाण्याचा जून महिना होता, म्हणून दमट हवेला बोल लावून वाट पाहत राहिलो. गणपती आले, दिवाळी आली, हवा कोरडी झाली, आणि केपवर बोट ठेवले की ठसा उमटतच होता. धूळ आणि केस बसून तिची लोकर झाली होती. त्याच दिवशी, त्याच डब्यातून, शेजारी ठेवलेल्या ताठ एबीएसच्या चिलखतावर मारलेला हात तासाभरात कोरडा झाला होता. हवा एकच होती, डबा एकच होता. फरक एकाच गोष्टीचा होता. नैयायिकांच्या भाषेत हा अन्वय-व्यतिरेक माझ्या टेबलावर मांडून ठेवलेला होता आणि मी चार महिने त्याच्याकडे पाहिले नाही.

उलट बाजूचा पुरावा अमेरिकेतल्या रीपर मिनिएचर्सचा. त्यांनी २०१२ साली किकस्टार्टरवर 'बोन्स' या मऊ पीव्हीसीच्या छोट्या मूर्तींसाठी ३४ लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी केली. या मूर्तींच्या तलवारी बोटाने वाकतात. कंपनीचा सल्ला काय? साबणाने धुवा, प्रायमर मारू नका, पाण्यातला ॲक्रिलिक थेट लावा आणि पहिला हात पाणी न घालता द्या. पहिल्या हातात पाणी घातले की दोन नुकसाने होतात: पाणी पीव्हीसीवर गोळा होते, आणि रेझिन विरळ होऊन फिल्म सांधत नाही. 'आधी प्रायमर' हा ताठ प्लॅस्टिकसाठी चांगला नियम आहे. तो मऊ पीव्हीसीवर लादणे म्हणजे रोग्याला दुसऱ्याच्या आजाराचे औषध देणे.

वरून कडक वॉर्निश मारण्याचा उपाय याहून वाईट. त्यामागची कल्पना अशी की खालचा रंग नाजूक आहे, वर कवच घालावे. पण वाकताना सर्वांत जास्त ताण सर्वांत बाहेरच्या थराला बसतो, आणि तिथे आपण मुद्दाम सर्वांत ठिसूळ पदार्थ ठेवतो. तो फुटतो, आणि तडा तिथेच थांबत नाही. टोकदार होऊन खालच्या मऊ थरात उतरतो. वॉर्निश नसते तर जो रंग सुखाने वाकला असता तो वॉर्निशसकट फुटतो. मग लोक म्हणतात, बघा, वॉर्निश मारूनसुद्धा टिकला नाही. 'मारूनसुद्धा' नाही, 'मारल्यामुळे'.

मंडनाच्या बाजूने सांगायचे तर साधने महाग नाहीत, परदेशीही नाहीत. साडीवर, कुर्त्यावर नक्षी काढायचे फॅब्रिक कलर मराठी घरात कधीच नवीन नव्हते. १९३१ साली दांडेकरांनी सुरू केलेल्या कॅमलिनचे असोत की पिडिलाइटचे, हे रंग धुण्यात आणि चुरगळण्यात टिकावेत म्हणून मऊ ॲक्रिलिकवर बांधलेले असतात. धुतलेल्या पीव्हीसीच्या केपवर त्यांचे दोन पातळ हात मला कोणत्याही मिनिएचर रंगापेक्षा चांगले वागलेले दिसले आहेत. त्यांचा एक दोष खरा आहे: पृष्ठभाग किंचित चिकट राहतो आणि केप पाठीला टेकून राहिली तर तिथे धरतो. त्यावर सिनेमावाल्यांचाच उपाय चालतो, मऊ ब्रशने चिमूटभर टाल्कम पावडर. छटा बारीक हव्या असतील तर आवडीचा मिनिएचर रंग घ्यावा आणि त्यात कापडावरच्या रंगाचे माध्यम मिसळावे. रंगद्रव्य एकाचे, लवचिकपणा दुसऱ्याचा. बूट रंगवणाऱ्यांचे चामड्याचे ॲक्रिलिकही याच कामाचे, कारण चालताना बुटाची घडी जशी मोडते तशी केप जन्मात मोडत नाही.

सोफुबीवाले वापरतात तो व्हिनाइल रंग सर्वांत पक्का. त्यातले रेझिन पीव्हीसीच्याच कुळातले आणि द्रावक पीव्हीसीला झोंबणारा, त्यामुळे तो पृष्ठभागाशी एकजीव होतो. पण त्या द्रावकाची वाफ फुफ्फुसांना चांगली नाही. बंद खोलीत, कापडी मास्क लावून, शेजारी मूल झोपलेले असताना हे काम करू नये. वाफेसाठीचा काडतुसांचा मास्क आणि मोकळी हवा नसेल तर फॅब्रिक कलरवरच थांबावे. (आणि घरी रंगवलेली फिगर लहान मुलाच्या तोंडात जाऊ देऊ नये. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांना मानक ब्युरोचे चिन्ह सक्तीचे झाले. आपण वर चढवलेल्या रंगाची हमी त्या चिन्हात नसते.)

रंग वर बसवण्याऐवजी आत मुरवणे ही तिसरी वाट. सुरतेच्या पॉलिएस्टर साड्यांना ज्या जातीचे डिस्पर्स रंग लागतात, ते गरम पाण्यात मऊ पीव्हीसीतही शिरतात. फिल्मच नाही, तर फुटेल काय? मात्र भाग फक्त गडद करता येतो, फिका नाही. पाणी उकळते असेल तर भागाचा आकार बिघडतो. आणि मुरलेला रंग पुढे वरच्या फिक्या रंगात उतरू शकतो. केप काळी किंवा गडद लाल करायची असेल तर यासारखे काही नाही. भांडे स्वयंपाकाचे घेऊ नये.

आता पूर्वपक्षाला त्याचे देणे देतो. सिलिकोनवर सिलिकोनच धरते. रंगद्रव्य सिलिकोनमध्ये कालवून लावल्याशिवाय तिथे गत्यंतर नाही, आणि इतर कोणताही रंग लावण्यात वेळ घालवू नये. पॉलिथिनला पकडीसाठी वेगळे माध्यम लागते. गाड्यांचे बंपर बहुधा पॉलिप्रॉपिलीनच्या मिश्रणाचे असतात, ते रंगवणारे गॅरेजवाले आधी 'प्लॅस्टिक प्रायमर' म्हणून जे मारतात त्याच्या मुळाशी क्लोरिन जोडलेले पॉलिओलेफिन असते. पॉलिथिनवरही त्याचाच आधार घ्यावा लागतो. सांध्याच्या आत, जिथे दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासतात, तिथे कोणताही रंग हरतो. तिथे भाग घासून थोडी फट करावी किंवा तो मुरवून रंगवावा.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे, आणि तो घेणाऱ्यांचा मला आदर आहे: आज टिकेल, पण पंचवीस वर्षांनी पीव्हीसीच बदलेल. हे खरे आहे. १९७४ साली बारा इंची जी. आय. जोला 'कुंग फू ग्रिप' म्हणून मऊ पकडीचे हात दिले गेले, ते हात आज अनेकांकडे कडक होऊन बोटे तुटलेल्या अवस्थेत आहेत. डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयातल्या इव्होन शाशुआ यांनी मऊ पीव्हीसीच्या ऱ्हासावर दीर्घकाळ काम केले. प्लॅस्टिसायझर उडून जाणे हे त्या ऱ्हासाचे मुख्य अंग आहे, आणि वस्तू बंद काचपात्रात ठेवली तर तो मंदावतो, हे त्यांच्या कामातून दिसते. पण हा आक्षेप रंगावर नाही, पीव्हीसीवर आहे. न रंगवलेली केपही त्याच वाटेने जाणार आहे. तिच्यावर रंग घालू नये याला हे कारण कसे होते?

हे सगळे मी इतक्या आग्रहाने का लिहितो, त्याचे कारण जवळचे आहे. १९८७ साली फनस्कूल कंपनी सुरू झाली, एमआरएफ आणि अमेरिकेच्या हॅस्ब्रोच्या भागीदारीत, आणि तिचा कारखाना गोव्यात उभा राहिला. एमआरएफ स्वतः १९४६ साली मद्रासमध्ये खेळण्यातले फुगे करणारा एक छोटा उद्योग होता. पुढे टायर आले, मग खेळणी, आणि रंगांचा धंदाही. रबर, खेळणी आणि रंग एका घरात नांदले. त्या गोव्याच्या कारखान्यातून निघालेले पावणेचार इंची सैनिक नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या गल्लीगल्लीत पोचले. त्यांचे रंग अमेरिकन मूळ प्रतींपेक्षा वेगळे असत, म्हणून जगभरचे संग्राहक आज ते शोधतात. आपल्याकडे ते माळ्यावरच्या पेटीत आहेत, कमरेतली कडी तुटून दोन तुकडे झालेले. आज चाळिशीतली माणसे ती पेटी उघडतात, कडी बदलतात, उडालेला रंग नव्याने भरतात, आणि मऊ भागाशी येऊन थांबतात, कारण कोणीतरी सांगितलेले असते की तिथे उपयोग नाही.

त्यांना एवढेच विचारावेसे वाटते: ज्याचा रंग गेला त्याला विचारलेत का, भाग कशाचा होता, धुतला होता का, रंग कोणता, हात किती, आणि नेमका कुठे गेला? 'टिकत नाही' म्हणणाऱ्याकडे या प्रश्नांची उत्तरे मी फार क्वचित ऐकली आहेत.

ती लोकर झालेली केप मी फेकली नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि टूथब्रशने दोन रविवार खर्चून तो प्रायमर काढला, साबणाने धुतली, आणि फॅब्रिक कलरचे दोन पातळ हात देऊन वर काहीही मारले नाही. याला सहा पावसाळे झाले. उजव्या खांद्याखालच्या घडीवर एक बारीक फिकी रेष आहे. ती पहिल्याच वर्षी पडली, कारण घडीत रंग साचून तिथे थर दुप्पट जाड बसला होता आणि मी तो पुसून घेतला नाही. रेषेच्या दोन्ही बाजूंना, नखाने खरवडून पाहिले तरी, रंग जागेवर आहे.